शांतिनिकेतनचे मास्टरमोशाय

झाडाचें चित्र काढावयाचें असेल तर कुंचला मुळापासून वर न्यावा, शेंड्यापासून खालीं आणूं नये. कारण झाड खालून वर वाढतें. ही गोष्ट इतकी उघड आहे कीं, ती कोणी कोणास शिकवावी लागेल असें वाटत नाहीं. तथापि शाळेंत चित्रकला शिकलेल्या शंभर माणसांना झाड काढावयास सांगितलें तर त्यांतील बहुतेक जण प्रथम शेंड्याचा गोल घुमट काढतील आणि मग त्याखालीं दोन रेषांचा खांब उभा करतील. शांतिनिकेतनाच्या कलाभवनांत १९४० सालीं दाखल झालेल्या एका एकोणीस वर्षांच्या कलकत्तेकर तरुणास ही सूचना त्याच्या गुरूंनीं केली आणि ती त्याच्या मनांत जन्मभर राहिली. तो तरुण म्हणजे पुढें चित्रपटदिग्दर्शक म्हणून जगप्रसिद्ध झालेले सत्यजित राय, आणि ते गुरु म्हणजे नंदलाल बसू.

नंदलालांना त्यांचे विद्यार्थी ‘मास्टरमोशाय’ म्हणत. आपल्याकडील ‘मास्तर’ आणि ‘महाशय’ हे दोन शब्द जवळ आणून ठेवले म्हणजे या संबोधनांतील घरगुती आदर ध्यानांत येतो. मोठे चित्रकार पुष्कळ झाले, आणि चांगले शिक्षकही पुष्कळ झाले. परंतु या दोहोंचा एकाच माणसांत मिलाफ क्वचितच होतो, आणि झाला तर बहुधा चित्रकार शिक्षकास गिळून टाकतो, नाहीं तर शिक्षक चित्रकारास. नंदलालांच्या बाबतींत तसें घडलें नाहीं. त्याचें कारण शोधूं गेल्यास तें वर सांगितलेल्या झाडापाशींच येऊन थांबतें.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजीं बिहारांतील मुंगेर जिल्ह्यांत हवेली खरगपूर येथें झाला. वडील पूर्णचंद्र हे दरभंगा राजच्या नोकरींत होते. आई क्षेत्रमणिदेवी यांस बाहुल्या व खेळणीं करण्याची हौस होती. गांवांतील कुंभार व मूर्ति घडविणारे कारागीर यांचें काम पाहण्यांत मुलाचा बराचसा वेळ जाई. आई लवकर वारली. पुढें शिक्षणासाठीं कलकत्त्यास आल्यावर मुलाचें कॉलेजांत कांहीं जमेना. एफ्. ए. ची परीक्षा साधली नाहीं. त्यानंतरचा व्यापारी शिक्षणाचा वर्गही मानवला नाहीं. परीक्षेंत असा हरलेला हा विद्यार्थी पुढें सुमारें तीस वर्षें ज्या संस्थेचा प्रमुख होता, तींत ठरीव अभ्यासक्रमास आणि परीक्षेस फारसें स्थान नव्हतें, हा निव्वळ योगायोग खास नव्हे.

१९०५ च्या सुमारास ते कलकत्त्याच्या सरकारी चित्रशाळेंत दाखल झाले. तेथें त्या वेळीं एक लहानसें वादळ चालू होतें. शाळेचे प्रमुख ई. बी. हॅवेल या इंग्रज गृहस्थांनीं युरोपियन चित्रें आणि ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे नमुने बाजूस सारून या देशांतील कलेचे नमुने मुलांपुढें ठेवण्याचा उपक्रम आरंभिला होता. आणि गंमत अशी कीं, त्यास मोठा विरोध झाला तो हिंदी विद्यार्थ्यांकडून व हिंदी वृत्तपत्रांकडूनच. साहेब आपणांस खऱ्या कलेपासून दूर ठेवीत आहे अशी त्यांची समजूत! त्या काळच्या चित्रशिक्षणाचें स्वरूप आपल्याकडे एलिमेंटरी व इंटरमीजिएट या परीक्षांस बसलेल्या पिढ्यांना नव्यानें सांगावयास नको. टेबलावर मांडलेला ठोकळा, शंकु आणि लोटा. हात लांब करून उभी धरलेली पेन्सिल. आणि एक डोळा मिटून घेतलेलें माप. या शिक्षणानें हात वळणावर येतो हें खरें. परंतु ठोकळा वाढत नाहीं, वाकत नाहीं, वाऱ्यानें हलत नाहीं. म्हणून ठोकळ्यावर तयार झालेला हात झाडाकडे वळला म्हणजे झाडाचाही ठोकळा करतो.

हॅवेलच्या जोडीस शाळेंत अवनींद्रनाथ ठाकूर होते. रवींद्रनाथांचे हे पुतणे नंदलालांचे खरे गुरु. शिष्यास मोकळा सोडण्याची विद्या नंदलालांनीं त्यांच्यापासून घेतली. इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट या संस्थेच्या प्रदर्शनांत नंदलालांच्या एका चित्रास ५०० रुपयांचें पारितोषिक मिळालें. दुसऱ्या एकाद्या तरुणानें त्या रकमेंत कलकत्त्यास बिऱ्हाड थाटलें असतें. नंदलालांनीं ती देशाटनांत खर्च केली आणि ठिकठिकाणचीं देवळें व शिल्पें पाहिलीं.

यानंतर १९०९-१० च्या हिवाळ्यांत त्यांचे पाय महाराष्ट्राच्या भूमीस लागले. लेडी हेरिंगहॅम या चित्रकार इंग्रज बाई अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामास लागल्या होत्या. भगिनी निवेदिता यांच्या आग्रहामुळें त्यांच्या मदतीस नंदलाल, असितकुमार हालदार, वेंकटप्पा व समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण कलकत्त्याहून गेले. अजिंठा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. हैदराबादेहूनही सय्यद अहमद व फजलुद्दीन काझी असे दोघे चित्रकार आले होते. या नकला १९१५ सालीं लंडनच्या इंडिया सोसायटीनें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. अंधाऱ्या लेण्यांत महिनोंगणती एकेक रेषा उतरवून घेतांना नंदलालांना जें सांपडलें तें केवळ प्राचीन शैलीचें वळण नव्हतें. पद्मपाणीच्या मुद्रेवर सारें जग लुब्ध होतें. पण त्या लेण्यांच्या छतांवर पाहावें तों कमळाच्या वेली, हंस, हत्ती, फळें यांची दाटी झालेली. ज्या भिक्षूंनीं संसार सोडला त्यांच्या निवासांत रानावनांतील एवढें सारें जीवन रंगविलेलें होतें, आणि तेंही अशा हातांनीं कीं ज्यांनीं हत्तीचें माप न घेतां हत्तीची चाल पकडली होती. अजिंठ्याच्या या ऋणाची फेड पुढें सत्तावीस वर्षांनीं खानदेशांत झाली. ती हकीकत यथाक्रम येईल.

१९१२ सालीं जपानी कलापंडित ओकाकुरा हे दुसऱ्यांदा हिंदुस्थानांत आले. त्यांनीं नंदलालांना तीन काड्यांचा त्रिकोण मांडून दाखविला. एक काडी निसर्गाची, दुसरी परंपरेची आणि तिसरी स्वतःच्या प्रतिभेची. तिहींपैकीं एक काढली तर उरलेल्या दोहोंनीं आकृति पुरी होत नाहीं. केवळ निसर्गास चिकटला तो नकलाकार, केवळ परंपरेस चिकटला तो गतानुगतिक, आणि केवळ स्वतःवर विसंबला तो भरकटलेला. पुढच्याच वर्षीं ओकाकुरा वारले. परंतु त्या काड्या नंदलालांनीं जन्मभर जपल्या. पुढें काम्पो अराई हे जपानी चित्रकार कलकत्त्यास येऊन राहिले, तेव्हां त्यांच्यापासून नंदलालांनीं शाईच्या कुंचल्याचें काम शिकून घेतलें. शाईच्या कामांत खोडरबरास जागा नाहीं. कुंचला कागदास लागण्यापूर्वीं वस्तु डोळ्यांत आणि मनांत पुरती बसलेली असावी लागते.

रवींद्रनाथांनीं शांतिनिकेतनांत १९१९ सालीं कलाभवन सुरू केलें. आरंभीं कांहीं काळ येजा केल्यावर नंदलाल तेथें कायमचे आले आणि १९२२ च्या सुमारापासून १९५१ पर्यंत कलाभवनाचे प्रमुख राहिले. वीरभूम जिल्ह्यांतील हा मुलूख मोठा देखणा आहे असें कोणी म्हणणार नाहीं. कोंकणासारखी हिरवळ तेथें नाहीं, हिमालयासारखीं शिखरें नाहींत. तांबड्या मुरमाची उघडी माळरानें. पावसाच्या पाण्यानें त्यांत पडलेल्या घळी, ज्यांस तेथील लोक ‘खोवाई’ म्हणतात. एकटेदुकटे उभे असलेले ताड. साल वृक्षांची रांग. फाल्गुनांत पेटलेले पळस आणि काटेसांवरी. थोड्या अंतरावर कोपाई नांवाची लहानशी नदी आणि संथाळांचीं सारवलेलीं घरें. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ज्या सातविणीखालीं ध्यानास बसत, त्या सातविणीचीं पानें विश्वभारतीच्या पदवीदानांत स्नातकांस देण्याची पद्धत आहे. हाच नंदलालांचा अभ्यासक्रम झाला. विद्यार्थ्यांपुढें प्लास्टरचा पुतळा ठेवण्याऐवजीं त्यांनीं त्यांस दाराबाहेर काढलें.

त्यांची शिकविण्याची तऱ्हा अशी: आधीं पाहा. पुष्कळ वेळ पाहा. मग घरीं येऊन आठवून काढा, आणि जेथें आठवण अडली तेथें पुन्हां जाऊन पाहा. प्रत्येक झाडाचा, प्राण्याचा, फार काय दगडाचाही एक ‘प्राणछंद’ असतो, असें ते म्हणत. मराठींत छंद म्हटला म्हणजे मनास लागलेला नाद डोळ्यांपुढें येतो. बंगालींत त्याचा अर्थ लय, ताल असा आहे, जो आपण कवितेच्या वृत्तापुरता राखून ठेविला आहे. ताडाची लय निराळी, वडाची निराळी. शेळी उभी राहते ती एका लयींत, म्हैस बसते ती दुसऱ्या. ही लय सांपडली म्हणजे चार रेषांत प्राणी उभा राहतो. न सांपडली तर चारशें रेषांतही तो पेंढा भरलेलाच दिसतो. स्वतः नंदलाल खिशांत कोरीं कार्डें बाळगीत आणि फिरतां फिरतां जें दिसेल तें त्यांवर टिपून ठेवीत. गांवोगांवच्या शिष्यांस व स्नेह्यांस ते पत्र लिहीत तें पोस्टकार्डावर चित्र काढून. अशीं टांचणें हजारोंनीं आहेत. रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालबोध पुस्तकांतील नंदलालांचीं काळींपांढरीं चित्रें पाहून बंगालमधील कित्येक पिढ्या अक्षरें शिकल्या; त्या मुलांनीं पहिलें झाड पाहिलें तें अंगणांत आणि दुसरें मास्टरमोशायांच्या पुस्तकांत.

ऋतूंचे उत्सव हाही शिक्षणाचाच भाग होता. १९२८ सालीं रवींद्रनाथांनीं वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. त्यांत रोपट्यास पालखींत बसवून वाजतगाजत नेत. ती पालखी सजविणें, जमिनीवर आल्पना रेखणें हें काम कलाभवनाचें. आल्पना म्हणजे आपल्या रांगोळीची बहीण, मात्र ती तांदळाच्या ओल्या पिठानें काढतात. बायकांनीं उंबऱ्यापाशीं काढावयाची ही नक्षी नंदलालांनीं चित्रकलेच्या बरोबरीनें मानली आणि ती शिकविण्यास कलाभवनांत स्त्रियांस शिक्षक नेमलें. त्यांची कन्या गौरी भंज यांनीं पुढें हेंच काम वर्षानुवर्षें चालविलें.

आतां शिक्षकाची खरी कसोटी. कलाभवनाच्या अगदीं पहिल्या विद्यार्थ्यांत बिनोदबिहारी मुखर्जी नांवाचा मुलगा होता. त्याचा एक डोळा जन्मापासून निकामी आणि दुसऱ्याची दृष्टि अत्यंत अधू. ज्या शिक्षकाची सारी पद्धत ‘पाहा’ या एका शब्दावर उभी, त्याच्यापुढें असा विद्यार्थी आला! नंदलालांस शंका वाटली, आणि ती वाटणें अस्वाभाविकही नव्हतें. त्यांनीं ती रवींद्रनाथांच्या कानीं घातली. मुलगा मन लावून काम करतो ना, त्यास त्यांत गोडी आहे ना, मग पुढचें कशास ठरवितां. ज्याचा त्यास मार्ग शोधूं द्या, अशा आशयाचें उत्तर मिळालें. नंदलालांनीं तें मानलें. येथें रवींद्रनाथांची उदारता सर्व जण वाखाणतात. परंतु स्वतःची शंका गिळून त्या मुलास वर्षानुवर्षें शिकविलें नंदलालांनीं, हेंही सांगितलें पाहिजे. या बिनोदबिहारींनीं १९४० सालीं कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर वीरभूमच्या खेड्याचें चित्र काढलें. मध्यें तळें, आणि सभोंवतीं झाडें, घरें, माणसें, गुरें अशी सर्व बाजूंनीं मांडणी. त्या चित्रास वर आणि खालीं अशी एक बाजू नाहीं. पाहणाऱ्यानें मान वर करून स्वतःभोंवतीं फिरावें, म्हणजे आपण गांवांतच उभे आहों असें वाटतें. अधू डोळ्यांच्या माणसानें काढलेलें हें निसर्गचित्र आधुनिक हिंदी भित्तिचित्रांत अग्रमानाचें गणलें जातें.

दुसरा शिष्य रामकिंकर बैज, बांकुड्याचा. हा स्वभावानें वादळी. त्यास तैलरंगांत काम करावयाचें होतें आणि नंदलालांस तैलरंगांचें वावडें. येथें मास्टरमोशायांचा एक दोष मान्य केला पाहिजे. विलायती म्हणून जें जें नाकारलें त्यांत कांहीं निरुपद्रवी, किंबहुना उपयोगी गोष्टीही नाकारल्या गेल्या, आणि त्यामुळें कित्येक साधारण विद्यार्थ्यांचा हात एका ठरावीक नाजूक वळणांत अडकून पडला. परंतु रामकिंकर साधारण नव्हता, आणि हें ओळखण्याइतके गुरु जागे होते. शिष्यानें ऐकलें नाहीं. गुरूंनीं नापसंति दर्शविली, पण वाट अडविली नाहीं. रामकिंकरांनीं सिमेंट आणि तेथल्याच तांबड्या मुरमाची खडी मिसळून उघड्यावर प्रचंड मूर्ति उभारल्या. १९३५ सालीं निलगिरीच्या झाडांत उभी केलेली एक उंच, सडपातळ स्त्रीमूर्ति नंदलालांनीं पाहिली आणि तिच्या डोक्यावर एक पात्र ठेवण्याची सूचना केली. तीच आजची ‘सुजाता’, बुद्धास खीर देणारी. १९३८ च्या ‘संथाळ कुटुंब’ या शिल्पांत तर गुरूच्या शैलीचा मागमूसही नाहीं. कोल्हापूरकडून गेलेले विनायक शिवराम मासोजी हेही नंदलालांचेच विद्यार्थी, आणि पुढें कलाभवनांतच अध्यापक झाले. या तिघांचें काम शेजारीं शेजारीं ठेवलें तर हे एकाच गुरूचे शिष्य आहेत हें सांगितल्याशिवाय कळणार नाहीं.

१९३६ च्या डिसेंबरांत काँग्रेसचें अधिवेशन प्रथमच एका खेड्यांत, पूर्व खानदेशांतील फैजपूर येथें भरावयाचें होतें. तेथील नगररचना व सजावट नंदलालांनीं करावी असें गांधीजींनीं ठरविलें. आपण चित्रकार, इमारतीचें काम आपलें नव्हे, म्हणून नंदलाल कचरले. पण गांधीजींपुढें तो बचाव टिकला नाहीं. अट एकच होती: सारें सामान खेड्यांत मिळणारें असावें. वास्तुशिल्पी म्हात्रे यांच्या साहाय्यानें बांबू, चटया व अशाच स्थानिक साहित्यांतून टिळकनगर उभें राहिलें, आणि अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक नंदलालांच्या कल्पनेनें सजविलेल्या बैलांच्या रथांतून निघाली. ज्या हातांनीं अजिंठ्यांत प्राचीन रेषा उतरवून घेतल्या, त्याच हातांनीं तेथून फार दूर नसलेल्या या गांवीं खानदेशी शेतकऱ्याच्या ओळखीच्या वस्तूंतून ही शोभा केली. प्रदर्शनाच्या प्रसंगीं गांधीजींनीं त्यांचा जाहीर गौरव केला. लागलीच पुढें, १९३८ च्या फेब्रुवारींत, गुजरातेंत हरिपुरा येथील अधिवेशनासाठीं नंदलाल व त्यांचे सहकारी यांनीं हातकागदावर मातीच्या रंगांत चारशेंच्या घरांत भित्तिपत्रें रंगविलीं. ढोलकी वाजविणारा, पिंजारी, सुतार, मल्ल, बैल, लेंकरास घेतलेली आई असे त्यांचे विषय. हीं चित्रें दिवाणखान्यासाठीं नव्हतीं. रस्त्यानें जाणाऱ्या शेतकऱ्यानें चालतां चालतां पाहावीं म्हणून तीं वाटेवर लाविलीं होतीं. त्यांतील रेषा जाड, वेगवान आणि निःशंक आहे.

बडोद्याच्या कीर्तिमंदिरांतील भित्तिचित्रांचें काम १९३९ पासून १९४६ पर्यंत अधूनमधून चाललें. गंगावतरण, मीराबाई, नटीची पूजा व महाभारत हे त्यांचे विषय. त्यानंतरचें मोठें काम म्हणजे भारतीय राज्यघटनेच्या हस्तलिखित प्रतीची सजावट. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनीं अक्षरें लिहिलीं आणि नंदलाल व शांतिनिकेतनांतील त्यांचे सहकारी यांनीं पानें नटविलीं. बावीस भागांच्या आरंभीं बावीस चित्रें. त्यांत मोहेंजोदडोचा वृषभ आहे, बुद्ध आहे, शिवछत्रपति आहेत, गांधीजींची दांडीयात्रा आहे. इतिहास येथें संपतो. शेवटच्या तीन भागांवर माणसांची कथा नाहीं: एकावर हिमालय, दुसऱ्यावर वाळवंट आणि अखेरच्या भागावर समुद्र.

१९५१ सालीं नंदलाल निवृत्त झाले. १९५४ सालीं त्यांस पद्मविभूषण ही पदवी मिळाली. उतारवयांत रंग कमी कमी होत गेले. काळी शाई, लहान कागद, आणि त्यावर एकादें झाड, एकादी टेकडी. १६ एप्रिल १९६६ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

बिनोदबिहारींची उरलीसुरली दृष्टि १९५७ च्या सुमारास, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, पार गेली. ते शांतिनिकेतनास परतले आणि कलाभवनांत पुन्हां शिकवूं लागले. १९७२ सालीं सत्यजित राय यांनीं आपल्या या जुन्या शिक्षकावर एक लघुपट काढला. त्यांत काळा चष्मा घातलेले बिनोदबिहारी कागदाचे व मातीचे आकार हातांनीं चांचपून कलाभवनाच्या भिंतीसाठीं फरशीचें भित्तिचित्र जुळवितांना दिसतात. तें चित्र त्या भिंतीवर आहे.